खिडकी, सर्व्हर आणि संत निकोला

सभेत स्वेतोझारने "मी करतो" म्हटलं तेव्हा त्याच्या तोंडात चीजचा बुरेक होता, आणि पुढचा सगळा घोळ त्या बुरेकमुळे झाला. वाक्य खरं तर लांब होतं. "मी करतो, पण मला मदतीला माणूस, नवी खोली आणि वसंतापर्यंत वेळ द्या," असं ते होतं. त्यातले पहिले दोन शब्द बाहेर पडले, मग बुरेकचा पापुद्रा टाळूला चिकटला. तो जिभेने सोडवून होईपर्यंत डायरेक्टर वुकोसावाबाईंनी टाळ्या वाजवून पुढचा विषय घेतलाही होता. पुढचा विषय संडासातल्या गळक्या नळाचा होता आणि त्यावर मात्र भरपूर चर्चा झाली.

स्वेतोझार म्हणजे आमच्या मोरावा नदीकाठच्या गावातल्या वाचनालयाचा कॅटलॉगवाला. गाव त्याला तोझाकाका म्हणतं. एके काळी त्याने प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चिमट्याने ओढून काढला होता, तेव्हापासून गावातलं जे काही विजेवर चालतं ते त्याच्या अखत्यारीत आलं. लोक त्याला रस्त्यात थांबवून वॉशिंग मशीनबद्दल विचारत. तो विचार केल्यासारखा चेहरा करी. एवढ्यावरच त्याचा नावलौकिक उभा होता.

पण कॅटलॉग हे त्याचं खरं काम. वाचनालयातलं एकेक पुस्तक त्याने स्वतःच्या दोन बोटांनी कॉम्प्युटरवर चढवलं होतं, त्यात त्याचे केस पिकले. हे सगळं ज्यात ठेवलं होतं तो डेटाबेस. म्हणजे असं, की एका तक्त्यात पुस्तकं, दुसऱ्यात वाचक, आणि तिसऱ्यात कोणाकडे काय गेलंय ते. तिन्ही तक्ते एकमेकांना धरून असतात, आपण अमक्याचा जावई तो तमकीचा भाचा असं लावतो तसंच. फक्त इथे भांडणं होत नाहीत. डेटाबेस जुना झाला होता. जिल्ह्याचा हुकूम आला होता, की नव्या वर्षात ज्या वाचनालयाकडे नवी आवृत्ती नसेल त्याचा कॅटलॉग जिल्ह्याच्या वाचनालयात जाईल आणि गावात नुसती पुस्तकं देण्या-घेण्याची खिडकी उरेल. आठवड्यातून एकदोनदा उघडणारी.

सभेत तोझाने तोंड उघडलं ते त्या वाक्यामुळे. त्याने आयुष्यात मोठं असं काही केलं नव्हतं. लग्न केलं होतं, पण त्यात पुढाकार नादेझ्दाचा होता. कॅटलॉग तेवढा त्याचा एकट्याचा होता आणि तो ट्रकमध्ये घालून कोणी घेऊन जाणार ही कल्पनाच त्याला सहन होईना. कॅटलॉग ट्रकमध्ये घालून नेत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, पण डोळ्यापुढे ट्रकच येई.

तर मग तयारी. नव्या आवृत्तीबरोबर जिल्ह्याकडून एक यंत्र आलं होतं, ते खोक्यातच राहिलं, आणि एक जाडजूड माहितीपुस्तक आलं होतं आणि तोझाने ते कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचलं. नवी आवृत्ती बसवणं हा त्यातला छोटासा भाग होता, बाकी सगळी तयारीच. आधी प्रत काढून ठेवा. ती प्रत उघडते का ते पाहा. काम चालू असताना कोणीही डेटाबेसला जोडलेलं नसावं. यंत्राची खोली थंड असावी. वाचून तोझाला फार बरं वाटलं, कारण हा लिहिणारा माणूस त्याच्यासारखाच घाबरट होता.

सप्टेंबरातच त्याने चाचणी म्हणून प्रत काढली, उघडून पाहिली, उघडली. ती छोटी डिस्क त्याने नादेझ्दाच्या कोठीत आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांमागे ठेवली, कारण घरात तेवढीच एक जागा अशी होती जिथे कोणाला हात लावायची परवानगी नव्हती. शेवटची मोठी प्रत ऐनवेळी काढायची असल्यामुळे मध्ये आणखी एखादी काढावी असं त्याच्या मनात आलं नाही. तयारीत तो इतका गुरफटला होता की त्याला वेळच मिळाला नाही.

गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त स्टेशनमास्तरांचं म्हणणं, की जुनं चालतंय ते चालू द्यावं, त्यांनी सिग्नल बदलताना काय काय पाहिलं होतं ते त्यांनी जिन्यात उभं राहून पहिल्यापासून सांगितलं. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की किडलेलं असेल तर मुळासकट काढा, आणि तोझाने नकळत गालावर हात ठेवला. ग्वोझ्देन म्हणाला की त्याच्या मेहुण्याचा मुलगा नोवी सादला याच धंद्यात आहे, फोन लावू का? ग्वोझ्देन हा तोझाचा कूम, लग्नात साक्षीला उभा राहिलेला. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट, कारण भावाशी भांडता तरी येतं. फोन लावला. मेहुण्याचा मुलगा रेफ्रिजरेटर विकत होता, पण त्यानेही सल्ला दिला. काय चाललंय, कसं जमतंय असं मात्र कोणी विचारलं नाही, आणि हे तोझाला मनातल्या मनात फार लागलं.

"कोणीही जोडलेलं नसावं" ही अट सोपी वाटली होती. वाचनालयात यंत्रं मोजकीच, संध्याकाळी सगळी बंद होत. तरी पडद्यावर एक जोडणी कायम दिसायची, दिवस असो की सुट्टी. शोधता शोधता कळलं की ती टेकडीवरच्या गावातल्या शाखेची आहे. तोझा बस पकडून गेला. शाखेतल्या बाईंनी आधी कॉफी दिली, मग गोड मुरांबा चमच्याने दिला, मग घरी गाळलेली राकिया दिली, आणि यातलं काहीही नाकारता येत नसल्यामुळे मूळ प्रश्नापर्यंत यायला जेवणाची वेळ झाली. यंत्र कधीच बंद न करण्याचं कारण यंत्राच्या खोक्यावर झोपलं होतं. ते मांजर होतं, वयाने म्हातारं, आणि खोकं ऊबदार असायचं. तोझाने त्या मांजरासाठी गरम पाण्याची पिशवी आणून देण्याचं कबूल केलं तेव्हा कुठे बाईंनी यंत्र बंद करायचं मान्य केलं. शहाण्या माणसाने असल्या ठिकाणी वाद घालू नये. त्यानेही घातला नाही.

खोलीचं प्रकरण त्याहून बिकट निघालं. सर्व्हर, म्हणजे ज्यात डेटाबेस होता ते यंत्र, ठेवला होता तो पूर्वी कोट टांगायच्या खोलीत, आणि त्या खोलीत रेडिएटर होता ज्याची तोटी कधीच अडकून बसली होती. बाहेर बर्फ पडो, आत उन्हाळा. तोझाने गावभर रेडिएटरांना गरम पाणी पुरवणाऱ्या खात्याला अर्ज केला की एवढा एक रेडिएटर बंद करून द्यावा. खात्याने रीतसर उत्तर दिलं की एक रेडिएटर बंद करण्याची तरतूद नाही, मात्र विनंती असल्यास संपूर्ण इमारतीचा पुरवठा वसंतापर्यंत बंद करता येईल. वुकोसावाबाईंनी ते पत्र वाचलं आणि अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली.

राहिला एकच उपाय, खिडकी उघडायची. आणि खोलीचं दार बंद केलं की उकडतं, म्हणून दारही उघडं ठेवायचं. म्हणजे आरपार वारा. म्हणजे प्रोमाया.

आमच्या गावात डॉक्टर दाखल्यावर काहीही लिहोत, माणूस मरतो तो प्रोमायाने. समोरासमोरचं दार-खिडकी उघडी राहिली आणि मधून वारा गेला की मान धरते, कान ठणकतो, कंबर जाते, तोंड वाकडं होतं. युद्धात टिकलेली माणसं बसमध्ये दोन खिडक्या उघड्या राहिल्यामुळे गेल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. लहान मुलाला बोलायच्या आधी खिडकी लावायला शिकवतात. अशा गावात डिसेंबरमध्ये एका खोलीची खिडकी आणि दार मुद्दाम उघडं ठेवायचं, हे तोझाने मनावर घेतलं होतं.

पहिल्याच दिवशी झाडलोट करणाऱ्या पेर्सिदामावशींनी खिडकी लावली. तोझाने चिठ्ठी चिकटवली, खिडकी बंद करू नये. मावशींनी चिठ्ठी वाचली, खिडकी लावली आणि तोझाला येऊन सांगितलं की कोणीतरी मूर्खाने तुझ्या खोलीत असलं काहीतरी लिहून ठेवलंय, तर जरा सांभाळून राहा. मग वुकोसावाबाईंनी लावली. मग वर्तमानपत्र वाचायला येणारे स्टेशनमास्तर जाता जाता आत डोकावले आणि लावून गेले. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट, तोझाचा जीव वाचवायला सगळे धावत होते. शेवटी तोझाने सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि यंत्राला गारवा का लागतो ते समजावून सांगितलं. पेर्सिदामावशींना यंत्राची दया आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यावर विणलेला रुमाल घातला. तो काढायला लावताना तोझाचा आवाज चढला. मावशी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण खिडकी तेव्हापासून उघडी राहिली. गाव शिकलं होतं.

आता दिवस ठरवायचा. तोझाने ठरवला संत निकोलाचा. अर्ध्या गावाचं ते घराण्याचं दैवत, त्यांच्या घरी त्या दिवशी स्लावा, म्हणजे दैवताच्या नावाचं घरचं जेवण. उरलेलं अर्धं गाव त्यांच्याकडे जेवायला. त्या दिवशी वाचनालयाकडे कोण फिरकणार? शिवाय शनिवार. सोमवारी जिल्ह्याचे तपासनीस मिलिवोये येणार होते, तोवर सगळं बसवून तयार. हिशेब चोख होता. फक्त ग्वोझ्देनच्या घरचंही दैवत संत निकोलाच होतं, आणि स्लावाला कोणी बोलावत नाही, जायचं असतंच, कुमाने तर आधी जायचं असतं. तोझा म्हणाला, सकाळी शेवटची प्रत काढायला लावतो, तासाभराने येऊन पाहतो. स्लावाहून तासाभरात परत आलेला माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय.

सकाळी तो एकटाच वाचनालयात गेला. शाखेतलं मांजर पिशवीवर झोपल्याची फोनवरून खात्री केली. पडद्यावर एकही जोडणी नाही. प्रत काढायचा हुकूम दिला, यंत्र घरघरायला लागलं. जुनं यंत्र, त्याला वेळ लागणार होता. तोझा जरा वेळ नुसता उभा राहिला. बरं वाटत होतं त्याला, अगदी मनापासून बरं वाटत होतं. मग कोट घातला, टोपी घातली, पुष्पगुच्छ घेतला आणि निघाला.

ग्वोझ्देनकडे उपासाची स्लावा, म्हणजे मांस-दूध वर्ज्य, मासा चालतो, तरी टेबलाला जागा नव्हती. माशाचं सार, तळलेला कार्प, भट्टीत शिजवलेल्या शेंगदाण्याएवढ्या शुभ्र वालाचं प्रेब्रानाच, अक्रोडाच्या पोळ्या. मेणबत्ती पेटली, सणाची भाकरी सगळ्यांनी हातात धरून फिरवली, राकिया आली. तोझाने दोनदा उठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ग्वोझ्देनच्या आईने खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं, दुसऱ्यांदा मासा आला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा बाहेर दिवे लागत होते.

वाचनालयाचं दार उघडताच त्याला जळका वास आला. कोट टांगायच्या खोलीत भट्टीसारखी धग होती. यंत्र गप्प होतं. झाकणावर हात ठेवला तो चटका बसून मागे आला. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, हात जोडल्यासारखं करून पुन्हा दाबलं. काही नाही. अर्धवट काढलेली प्रतही यंत्राच्याच पोटात होती. तोझाने वर पाहिलं. खिडकी बंद होती. नीट, कडी लावून.

त्याने फोनवर गाव डोक्यावर घेतलं. वुकोसावाबाई सकाळपासून बहिणीकडे होत्या. स्टेशनमास्तरांची स्वतःचीच स्लावा होती. पेर्सिदामावशी तशाच एप्रन घालून धावत आल्या, त्यांनी खिडकी पाहिली, खोली पाहिली आणि शांतपणे विचारलं, "सकाळी किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"मग?"

तोझा सकाळ आठवू लागला. कोट घातला होता. टोपी घातली होती. मग मानेवर गार झुळूक लागली होती आणि निघता निघता त्याचा हात आपला आपण वर गेला होता. डोक्याला विचारलंच नव्हतं त्याने. जन्मभर जे केलं तेच केलं होतं.

तो खुर्चीवर बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींनी त्याला रागावलं नाही. त्यांनी खिडकी उघडली, स्वतःच्या मानेला स्कार्फ गुंडाळला आणि त्याच्याजवळ बसून राहिल्या. प्रोमायात बसून राहिल्या त्या, आणि आमच्या गावात यापेक्षा जास्त कोणी कोणासाठी काही करत नाही.

रविवारी कोठीतली डिस्क निघाली. आयवारच्या बरण्या हलवायच्या म्हणून नादेझ्दा स्वतः आत गेली आणि पदरात सोनं आणावं तशी ती घेऊन आली. जिल्ह्याने पाठवलेलं नवं यंत्र तोझाने खोक्यातून काढलं, वुकोसावाबाईंच्या दालनात, जिथला रेडिएटर माणसात होता. नवी आवृत्ती बसवली, प्रत उघडली. ज्याच्या तयारीत शरद ऋतू गेला ते काम कॉफी निवायच्या आत झालं. पुस्तकं सगळी होती, वाचक सगळे होते. नव्हतं ते फक्त सप्टेंबरनंतर कोणी काय नेलं ते. आणि सप्टेंबरनंतर आमचं गाव वाचतं. दिवस लहान, संध्याकाळ मोठी, बाहेर चिखल. फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या आणि कोणाकडे काय आहे हे देव जाणे. तपासनीस येणार, यादीतली पुस्तकं मागणार, ती फळीवर नसणार, वाचकाच्या नावावरही नसणार. गहाळ, म्हणून लिहिणार. मग ट्रक.

पण स्लावाचा दुसरा दिवसही असतो आणि लोक उरलेलं खायला फिरतच असतात. पेर्सिदामावशी त्या दिवशी ज्या घरात गेल्या तिथे काय बोलल्या ते तोझाला कळलं सोमवारी सकाळी, तो कोपऱ्यावरून वळला तेव्हा. वाचनालयाच्या दारापासून रांग लागली होती ती बेकरीपर्यंत गेली होती.

प्रत्येकाच्या हातात पुस्तक. शरदात नेलेली होती, तेलाचे डाग पडलेलं पाककृतींचं होतं, मधमाश्यांवरचं होतं. पण त्याखेरीज लोकांनी घरातलं ज्याच्यावर कुठलाही शिक्का दिसला ते सगळं उचलून आणलं होतं. रेल्वेच्या वाचनकक्षाची आली, बंद पडलेल्या साखर कारखान्याची आली. एका म्हाताऱ्याने लष्कराच्या वाचनालयाचं पुस्तक आणलं, ते लष्कर ज्या देशाचं होतं तो देशच आता नव्हता, आणि सक्तीच्या सैनिकी सेवेच्या वेळी ते परत करायचं राहिलं याची त्याला अजून लाज वाटत होती. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं तेही आले होते. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून त्यांनी स्वतःची पुस्तकं आणली होती, आणि एकीने लोणच्याची बरणी.

तपासनीस मिलिवोये आले, त्यांना कोणी ओळखलं नाही, रांगेत मागे उभं राहायला सांगितलं. ते उभे राहिले. आत पोचले तेव्हा त्यांनी ओळखपत्र दाखवलं, पडद्यावरून एक पुस्तक निवडलं आणि ते कुठे आहे म्हणून विचारलं. तोझाने नोंद उघडली. नोंद कोरी होती.

"माझ्याकडे," मागून कोणीतरी म्हणालं आणि पुस्तक उंच धरलं.

मिलिवोयेंनी दुसरं विचारलं. ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होतं, त्या दवाखान्यात होत्या, पण त्यांच्या खुर्चीत सकाळी बसून आलेला माणूस रांगेतच होता आणि त्याने ते टेबलावर पाहिलं होतं. तिसरं कोणाकडे आहे यावर रांगेत जरा वाद झाला, मग सगळ्यांचं एकमत झालं की ते ग्वोझ्देनच्या मेहुण्याकडे आणि तो आता रांगेच्या वळणावर असेल. तो वळणावरच होता. मिलिवोये विचारत गेले, रांग सांगत गेली. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की हे सगळं यंत्रात का नाही.

तोझाने ठरवलं होतं की वीज गेली होती म्हणायचं. पण एवढ्या लोकांसमोर त्याला ते जमेना.

"यंत्र तापून जळलं," तो म्हणाला. "खिडकी मी लावली."

मग स्टेशनमास्तर म्हणाले, "न लावून काय करणार होता? डिसेंबर आहे." आणि मग सगळेच बोलायला लागले. कोणी चुलत्याची मान सांगितली, कोणी सासूचा कान. मिलिवोये ऐकत होते. तेही याच भागातले, दारात इतका वेळ उभं राहून त्यांनीही कॉलर वर केली होती. त्यांनी तपासणीच्या कागदावर नवी आवृत्ती बसवलेली आहे असं लिहिलं, नोंदी पूर्ण करण्यास मुदत दिली आहे असं लिहिलं, आणि नुकसानीचं कारण या रकान्यापाशी थोडं थांबून "नैसर्गिक आपत्ती" असं लिहून खाली सही केली. कॅटलॉग गावातच राहिला.

वुकोसावाबाई टाळ्या वाजवू लागल्या. मिलिवोयेंनी कागद बॅगेत ठेवले, टोपी घेतली आणि जाता जाता तोझाकडे वळले.

"आणि नवी आवृत्ती? कशी चालते?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. तोझाजवळ सांगायला सगळं तयार होतं. पहिल्या पानापासून. जोडण्या, प्रती, जुन्या तक्त्यांचं काय होतं, नवे कसे लवकर उघडतात, मांजर, सगळं. त्याने तोंड उघडलं. समोर रांग उभी होती, अख्खं गाव हातात पुस्तकं घेऊन त्याच्याकडे बघत होतं.

"बरी चालते," तो शेवटी म्हणाला, आणि पुढच्या माणसाचं पुस्तक हातात घेतलं.